सड्यावरची सायकल: साताऱ्याच्या डोंगरझाडीत ग्रॅव्हल राइड कशी आखायची

पहिल्यांदा मी साताऱ्याच्या पश्चिमेला ग्रॅव्हल राइड, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांवरची सायकलस्वारी, आखली तेव्हा नकाशावर ती इतकी भारी दिसत होती की मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सत्तर किलोमीटर, मधे दोन धरणं, जंगल, पठार, सगळं एकात. प्रत्यक्षात झालं असं की एका खोऱ्यात उतरलो, समोरचा डोंगर चढलो, परत उतरलो, परत चढलो, आणि दुपारी दोनला मेढ्याच्या अलीकडे एका चिंचेखाली सायकल आडवी टाकून पडलो होतो. शेवटी भाजीच्या टेंपोत सायकल घालून घरी. टेंपोवाल्या दादांनी वाटेत एकच गोष्ट विचारली, "वरनं डोंगरानं सरळ वाट असताना खाली कशाला मराय उतरला?"

दादांचं बरोबर होतं. आपल्याकडे सायकलवाल्याने चढ एकदाच विकत घ्यायचा, आणि मग दिवसभर वरच राहायचं. हे का जमतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर, त्यामुळे त्याचे माथे टोकदार नसतात, सपाट असतात. त्यावर जांभ्या दगडाची टोपी असली की त्याला आपण सडा म्हणतो. महाबळेश्वरच्या मुख्य रांगेपासून अशा सपाट माथ्याच्या सोंडा पूर्वेला आणि दक्षिणेला निघतात आणि दोन सोंडांमधे खोल खोरं असतं. सोंडेवरून गेलात तर वाट हलकी वरखाली होत राहते, मधेमधे झाडी, मधेमधे माळ, म्हणजे ग्रॅव्हलला जे पाहिजे ते तंतोतंत. आणि सोंडा आडव्या कापत गेलात तर माझ्यासारखं चिंचेखाली पडाल.

साताऱ्यातून अशा दोन सोंडा हाताशी आहेत. एक यवतेश्वर, कास आणि तिथून थेट महाबळेश्वर. दुसरी सज्जनगडाच्या पलीकडची, ठोसेघर, चाळकेवाडी आणि पुढे पाटणच्या डोक्यावरचं सडावाघापूर. शहर साधारण सातशे मीटरवर आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास, म्हणजे सकाळी पाचेकशे मीटर चढलात की मोठं बिल भरून झालं.

नकाशा, घरी बसून

नुसत्या गुगल मॅपवर जाऊ नका, तो सायकलवाल्याला सरळ हायवेला नेऊन बसवतो. मी तीन गोष्टी एकमेकांवर ठेवून बघतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं कुठलंही राइड आखायचं ॲप घ्या, त्यात कच्च्या वाटा तुटक रेघेने दिसतात आणि काही ठिकाणी वाटेला दर्जा दिलेला असतो, एक म्हणजे घट्ट दाबलेली खडी आणि पाच म्हणजे नुसतं गवत नाहीतर माती. एक ते तीन आपलं. चार असेल तर सायकल ढकलायची तयारी. पाच आपला नाही, तो ट्रेकवाल्यांचा. मग सॅटेलाइट फोटो उघडायचा आणि वाट डोळ्याने तपासायची. लालसर रेघ म्हणजे जांभा नाहीतर मुरूम, राखाडी म्हणजे डांबर किंवा ताजी खडी, आणि रेघ झाडीत शिरून पलीकडे बाहेर पडत नसेल तर ती गुरांची वाट आहे, तिकडे जाऊ नका. तिसरं म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट. जुनं असतं पण समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, तिथं नीट कळतात. रेषा लांब लांब असल्या की सडा, चिकटून आल्या की कडा. आपली रेघ रेषांच्या बरोबरीने चालली पाहिजे, त्यांना छेदत सुटली की समजा घाट आला.

अजून एक युक्ती, ही मला खूप उशिरा सुचली. पवनचक्क्या शोधा. पवनचक्कीची पाती प्रचंड लांब असतात, ती लांबलचक ट्रेलरवरून वर न्यावी लागतात, त्यामुळे तिथले सर्व्हिस रोड करताना वळणं रुंद ठेवतात आणि चढ मर्यादेत ठेवतात. म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी आपल्याला आयता ग्रॅव्हल रोड करून दिलाय. चाळकेवाडीचा सडा असाच. कालव्याचे सर्व्हिस रोड पण तसेच, फक्त ते सपाट असतात.

प्रत्यक्ष रस्त्यावर असताना मैलाच्या दगडांकडे बघायची सवय लावा. हिरवा माथा असलेला दगड म्हणजे राज्य महामार्ग, गाड्या जास्त. केशरी माथा म्हणजे ग्रामसडकेचा रस्ता, तो शेवटच्या वाडीपर्यंत जातो आणि आपली खरी मजा बहुतेक वेळा त्या शेवटच्या वाडीच्या पुढे सुरू होते.

आखलेला रूट फोनमधे ऑफलाइन उतरवून घ्या. कासच्या पुढे आणि कोयनेच्या बाजूला रेंज जाते ती जाते. आणि घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या, कुठून कुठं आणि किती वाजेपर्यंत. व्हॉट्सॲप लोकेशनवर भरवसा ठेवायचा नाही, रेंज गेली की ते कुठंतरी यवतेश्वरला अडकून बसतं आणि घरचे काळजी करतात.

सायकल कुठली

ह्यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी दोन मिनिटांत उरकतो. ग्रॅव्हल बाईक असली तर उत्तमच, पण अडतीस-चाळीस मिलिमीटरचा टायर बसणारी हायब्रिड चालते. जुनी एमटीबी (डोंगरी सायकल) असेल तर तिला कमी खरबरीचे टायर घाला आणि निघा, नवीन घेत बसू नका. पन्नास हजाराची सायकल आणि चुकीचे टायर ह्यापेक्षा पंधरा हजाराची सायकल आणि बरोबर टायर कधीही बरं. डिस्क ब्रेक मात्र हवेतच, उतार लांब आहेत, रिम ब्रेक तापतात.

गिअर बघा. पुढच्या सगळ्यात छोट्या चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांइतके किंवा त्यापेक्षा कमी पाहिजेत. पुढे चौतीस मागे चौतीस ही कमीत कमी गोष्ट. पुढे तीस आणि मागे चाळीस असेल तर तुम्ही राजे. रोडबाईकवाले मित्र हसतील, हसू द्यात, सैल मुरमावर उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचं चाक जागच्या जागी फिरतं, बसूनच चढावं लागतं आणि बसून चढायला हलका गिअर लागतो.

आता टायर, इथं जरा थांबतो कारण निम्म्या राइड इथंच बिघडतात. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदी घ्या आणि जमत असेल तर ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूब नाही, छोटी भोकं आपोआप बुजवणारं सीलंट नावाचं द्रव. साताऱ्याच्या पूर्वेला बाभळीचा काटा, पश्चिमेला करवंदीचा आणि गेळाचा, सुट्टी कुठंच नाही. सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून परत भरायचं, नाहीतर आत नुसती साय राहते आणि आपण मात्र ट्यूबलेस म्हणून ऐटीत फिरतो. हवेचं सांगायचं तर सत्तर किलोचा माणूस आणि चाळीसचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे तीस, मागे बत्तीस-तेहेतीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथून सुरुवात करा. ट्यूब असेल तर पाच-सात जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. सायकलच्या दुकानात "साठ मारू का साहेब" म्हणतील, नम्रपणे नको म्हणा. साठवर तुमचे दात वाजतील आणि वळणावर सायकल गोट्यांवर ठेवल्यासारखी घसरेल.

जांभा काटे मारत नाही, तो कापतो. त्याच्या कडा सुरीसारख्या असतात आणि टायरची बाजू फाटली की सीलंटच्या बापाचं चालत नाही. माझा एकदा चाळकेवाडीच्या सड्यावर बोटभर फाटला होता. तेव्हा बॅगेत टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा होता, तो आतून लावला, वर ट्यूब घातली, हवा पंचविसावर ठेवली आणि हळूहळू साताऱ्यापर्यंत आलो. तो तुकडा आजही बॅगेत आहे. दुधाच्या पिशवीची जाड घडी पण वेळ मारून नेते.

बॅगेत बाकी काय, तर एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), प्लगचं किट, पंप, टायर लिव्हर, ॲलन कीचा गठ्ठा, चेन ब्रेकर आणि क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि आपल्याच सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा छोटा तुकडा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मेढ्यात किंवा बामणोलीत तो मिळणार नाही, साताऱ्यातही मिळेलच असं नाही. सायकल उजव्या बाजूला पडली की हाच तुटतो. झिप टाय चार-पाच. बस.

आधी कालव्यावर सराव

सरळ डोंगरावर जाऊ नका. आपल्याकडे धोम, कण्हेर, उरमोडीचे कालवे आहेत, त्यांच्या कडेने मुरमाच्या वाटा जातात, सपाट, गाड्या कमी. दोन-तीन रविवार तिथं घालवा. मात्र पाण्याच्या बाजूने नाही, शेताच्या बाजूने चालवा, तोल गेला तर चिखल परवडतो.

तिथं तीन गोष्टी अंगवळणी पाडायच्या. हात सैल ठेवायचे, कोपरं वाकलेली, हँडल नुसतं धरायचं, आवळायचं नाही. सैल खडीत पुढचं चाक थोडं इकडंतिकडं नाचतं, त्याला नाचू द्यायचं, तुम्ही आवळलं की ते तुम्हाला पाडतं. दुसरं, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. मुरमाच्या वळणात पुढचा ब्रेक दाबला की संपलं. तिसरं, नजर लांब. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते, हे कसं होतं मला माहीत नाही पण शंभर टक्के होतं.

उतारावर दोन्ही पेडल एका पातळीत, ढुंगण सीटवरून किंचित उचललेलं, वजन मागे. चढावर उलट, बसून राहायचं, छाती खाली घ्यायची, हलका गिअर, गोल गोल पेडल. बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या असतात आणि मधे उंचवटा. चाकोरी घट्ट असते पण तिच्यात दगड लपतात, मधल्या गवतावर जरा दम लागतो पण बेभरवशाचं काही नसतं. मी चढताना चाकोरी आणि उतरताना मधला उंचवटा धरतो. हे माझं, तुमचं तुम्ही ठरवा.

पहिली राइड: ठोसेघर आणि चाळकेवाडी

समर्थ मंदिराच्या पुढे बोगदा आहे, तिथूनच दोन्ही सोंडांना रस्ते फुटतात. बोगद्यातून बाहेर पडा, समोर सज्जनगड दिसतो, खाली उजव्या हाताला उरमोडीचं पाणी. गजवडीपर्यंत रस्ता डांबरी आणि सोपा, मग बोरणे घाट. घाट डांबरी आहे, दृश्य जबरदस्त आहे आणि कठड्यावर उभं राहून सेल्फी काढणारे लोक त्याहून जबरदस्त आहेत, तुम्ही डोंगराच्या बाजूने गपचूप चढत राहा. ठोसेघर साधारण पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर. धबधबा ऑक्टोबरपर्यंत ठीक असतो, नंतर बारीक होतो. इथं चहा घ्या आणि पाणी भरा, पुढे सड्यावर पाण्याची खात्री नाही.

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी लागलं की डांबराचा नाद सोडायचा. पवनचक्क्यांच्या मधून मुरमाच्या वाटा फुटतात, एकीकडून दुसरीकडे, कुठं जोडतात, कुठं खांबापाशीच संपतात. पहिल्या वेळी जीपीएसवर आलेल्या वाटेची नोंद चालू ठेवा आणि मनसोक्त भटका. वाऱ्याचा अंदाज घ्यायला ॲप नको, पवनचक्कीचं तोंड बघा, ती नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. सगळ्या तुमच्याकडे बघत असतील तर तुम्ही पाठीवर वारा घेऊन चाललाय, म्हणजे मस्त पळताय, पण परतताना हेच सगळं तोंडावर येणार. म्हणून दमायच्या आधी वळा. मी एकदा वळलो नाही. तीस किलोमीटरचा वेग आठवर आला आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खांबाजवळची कुंपणं, गेट आणि ट्रान्सफॉर्मरच्या जागा ह्या कंपन्यांच्या असतात, आत शिरायचं नाही. वॉचमनला हात करा, बहुतेक वेळा तोच पुढची वाट सांगतो.

दम असेल तर त्याच सड्यावरून दक्षिणेला सडावाघापूर आणि तिथून पाटणला उतरता येतं. पावसाळ्यात सडावाघापूरला कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर येतं, ते बघायला गर्दी असते, त्या दिवसांत सायकल नेऊ नका, चिखल आणि गाड्या दोन्ही नको होतात. पाटणला उतरलात की परत चढायचं नाही, पाटणहून उंब्रजकडे जाणारं वाहन धरा. चढ एकदाच.

दुसरी राइड: कास ते महाबळेश्वर, राजमार्गाने

ही खरी. पण आधी तारीख ठरवा, कारण इथं ऋतू चुकला की सगळं चुकलं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि साताऱ्यात जेमतेम हजारच्या आसपास. मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. म्हणजे तुम्ही एका राइडमधे माळावरून जंगलात जाता, पूर्वेला गवत आणि पश्चिमेला अंजनी, जांभूळ, हिरडा ह्यांची गच्च झाडी, आणि हे बदलताना डोळ्याला दिसतं. जून ते सप्टेंबर तिकडे सायकल म्हणजे वेडेपणा, धुक्यात पुढचं चाक दिसत नाही आणि जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर कासचा फुलांचा हंगाम. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, दर सात वर्षांनी टोपली कार्वी. त्यावेळी पठारावर शुल्क लागतं, आधी नोंदणी करावी लागते, वाहनं लांब उभी करावी लागतात, रविवारी घाटाई मार्गे एकेरी वाहतूक. फुलं बघायला जरूर जा, पण चालत. सायकल नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर वणवे लागतात, धूर आणि काळी राख, आणि मे महिन्यात दुपारचा वळीव. सड्यावर वीज कडाडली तर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

पठाराबद्दल एक कळकळीची गोष्ट. कासवर खडकावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभर पण नाही. त्यावरच ती फुलं येतात, म्हणूनच पश्चिम घाटाबरोबर कासला २०१२ साली जागतिक वारशात घेतलं. उन्हाळ्यात ते नुसतं ओसाड कातळ वाटतं आणि मोह होतो की चला, जरा आत घालू सायकल. नका घालू. वाट सोडायची नाही. एका टायरने उखडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि तिथं परत काही येत नाही.

तर सकाळी साडेपाचला निघा. बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट, हाच तो रस्ता जिथं साताऱ्याची हिल मॅरेथॉन होते, त्यामुळे पहाटे पळणारे भेटतात, "चला चला" करतात, बरं वाटतं. घाट संपला की कासपर्यंत वरखाली डांबरी रस्ता, डावीकडे उरमोडी, उजवीकडे कण्हेरचं पाणी, दोन्ही एकाच रस्त्यावरून. एवढ्यासाठीच सोंडेवरून जायचं. पेट्री, एकीव असे फाटे सोडत कास तलावापर्यंत पंचवीस किलोमीटर. ह्याच तलावाचं पाणी सातारा पितो, त्यात हातपाय धुवायला उतरू नका.

कासच्या पठारावरून जुना राजमार्ग निघतो, ज्यावर कुमुदिनीचं तळं आहे. हाच पुढे सोंडेच्या माथ्याने सह्याद्रीनगर, गाळदेव, माचुतर असं करत महाबळेश्वरला जातो. पस्तीस-चाळीस किलोमीटर धरा. जुन्या काळी ह्याच वाटेने घोडी आणि पालख्या जायच्या, आणि घोड्याला जो चढ झेपतो तो सायकललाही झेपतो, ही गोष्ट मला फार आवडते. वाट थोडी डांबरी, थोडी खडीची, थोडी निव्वळ लाल मुरमाची, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर हा हिशोब बदलतो, म्हणून निघायच्या आधी कासच्या टपरीवर विचारा, "गाळदेवापर्यंत जीप जाती का?" जीप जात असेल तर तुम्ही जाल. नसेल तर घाटाईची देवराई बघा, नाश्ता करा, आणि कास-सातारा परत. लाज वाटायचं काही कारण नाही.

झाडीत शिरलं की सावलीमुळे वाट ओली राहते, डिसेंबरमधे सुद्धा. पानांच्या थराखाली मुळं आणि दगड असतात, तिथं ब्रेक न मारता सरळ जाऊ द्यायचं. वळणं आंधळी आहेत, घंटी वाजवा. समोरून जीप येते ती मधोमधच येते.

आणि गवा

बिबट्याची भीती सगळ्यांना असते, पण बिबट्या तुम्हाला दिसणारच नाही. भीती गव्याची ठेवा. महाबळेश्वर आणि कोयनेच्या झाडीत तो आहे, पहाटे आणि संध्याकाळी वाटेवर येतो, सातशे-आठशे किलो वजन असतं आणि सायकलला अजिबात घाबरत नाही. दिसला तर लांब थांबा. घंटी नाही, ओरडणं नाही, फोटोसाठी पुढे जाणं तर नाहीच. कळप निघून जातो, एकटा नर मात्र अडून बसतो, तो अडला तर तुम्ही मागे फिरा. अस्वलं कोयनेच्या बाजूला आहेत, म्हणून संध्याकाळी पाचनंतर झाडीत राहायचंच नाही असा वेळेचा हिशोब ठेवा. आग्या मोहोळ पण लक्षात ठेवा, कड्यांना आणि उंच झाडांना लटकलेलं असतं, त्याच्या खाली थांबायचं नाही, धूर नाही, अंगाला अत्तर-बित्तर नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या आत परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, वन्यजीव कायदा लागतो, "वाट दिसली म्हणून आलो" हे चालत नाही. शंका आली की वनखात्याच्या चौकीवर विचारायचं. बहुतेक गार्ड चांगले असतात, एकाने मला त्याच्या डब्यातली चटणी-भाकरी दिलीय.

धनगरवाड्याजवळ कुत्री सुटतात. पळवू नका सायकल. उतरा, सायकल मधे घ्या, चालत जा, आवाज द्या, घरातून कुणीतरी बाहेर येतंच. एकदा अशाच एका वाड्यावर आज्जी बाहेर आल्या, कुत्र्याला एक शिवी घातली, मग मला म्हणाल्या, "कुठनं आलायसा? सायकलवर? घरात गाडी न्हाई व्हय?" मी म्हटलं आहे की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. पण ताक दिलं तांब्याभर. पैसे द्यायला गेलो तर रागावल्या, म्हणून आता मी साताऱ्यातून कंदी पेढ्यांची पाव किलोची पुडी नेतो. वाटेत दोन-चार आपल्याला, बाकी अशा घरातल्या पोरांना. पेढा तसा राइडला झकास चालतो, साखर आणि खवा, उन्हात वितळत नाही, खिशात जरा चपटा होतो एवढंच.

खाण्याचं पुढे नेतो. तासाला एकदा काहीतरी खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळी, खजूर. पाणी माणशी अडीच-तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. दुपारचं जेवण कासला सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी आणि खर्डा मिळतो, पण दोनच भाकऱ्या खा. तिसरी खाल्ली की पुढचा चढ तुम्हाला खातो.

पाण्यावरून जायचा तिसरा रस्ता

कासहून सरळ पश्चिमेला उतरलं की बामणोली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. इथं मी माझाच नियम मोडतो, कारण हा उतार पाचेकशे मीटरचा आहे आणि पलीकडे तापोळ्याहून महाबळेश्वरला त्याहून जास्त चढायचं असतं. पण मधला भाग लाँचने जायचा असतो, सायकली आडव्या टाकून, आणि त्यासाठी मी नियम मोडायला तयार आहे. दोन दिवसांची करा. पहिल्या दिवशी सातारा, कास, बामणोली आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट क्लबवर लाँच ठरवून तापोळा, मग पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटरचा चढ महाबळेश्वर. बोटीत घ्यायच्या आधी भाडं आणि सायकलींची संख्या नीट बोलून घ्या, मधल्या पाण्यात घासाघीस होत नाही. लाइफ जॅकेट घाला, आणि सायकल बोटीच्या कठड्याला दोरीने बांधा. वासोट्याला जायचा मोह झाला तर तो वेगळा दिवस, त्याला बामणोलीतून वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो आणि सायकलचा तिथं काही संबंध नाही.

तापोळ्याचा चढ सकाळी जमेल तितक्या लवकर सुरू करा, म्हणजे बराच रस्ता डोंगराच्या सावलीत मिळतो. डिसेंबरनंतर कडेने स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात, शेतावरच विकत घ्या, बाजारापेक्षा ताजी असते.

काही बिघडलं तर

पडलं आणि हाड मोडल्यासारखं वाटलं तर १०८ ला फोन, बाकी कशालाही ११२. रेंज नसेल तर जखमीजवळ एक थांबायचा आणि दुसऱ्याने सोंडेच्या कडेला, जिथून खोऱ्यातलं गाव दिसतं तिथं जायचं, तिथं बहुतेक वेळा रेंज येते. म्हणून एकट्याने ही राइड नको. दोघं बरे, तिघं उत्तम, आठ जण नको कारण मग प्रत्येक पंक्चरला अर्धा तास आणि प्रत्येक चहाला पाऊण.

चेन तुटली तर क्विक लिंक. हँगर तुटला आणि दुसरा नसेल तर डिरेलर काढून चेन छोटी करून एकाच गिअरवर घाला, सड्यावर एवढ्यावर घर गाठता येतं. ब्रेकचे पॅड लाल धुळीने फार लवकर संपतात. उतारावर लोखंड घासल्याचा आवाज आला की तिथंच थांबा आणि बघा, पुढच्या वळणावर नाही.

महाबळेश्वरहून परत यायला केळघर घाटाने मेढा आणि सातारा, पंचावन्न किलोमीटर, जवळपास सगळा उतार. पण पन्नास-साठ किलोमीटर सड्यावर घालवल्यावर हात बधिर झालेले असतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत, म्हणून संध्याकाळी हा घाट मी उतरत नाही. मुक्काम करतो नाहीतर एसटी बघतो. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल बिनधास्त जायची, आता बऱ्याच गाड्यांना वर कॅरिअरच नसतं, त्यामुळे आधी स्टँडवर कंडक्टरला विचारा. नसेल जमत तर मेढ्याकडे उतरणारे भाजीचे टेंपो दुपारी मिळतात. पुढचं चाक काढून ठेवा, खाली गोणपाट मागा, आणि डिरेलरची बाजू वर करून आडवी टाका. ते दादा मला नंतर दोनदा भेटलेत, दोन्ही वेळा मी वरूनच आलो होतो.